बिनमाणसांची गाडी

मल्हारी विरकर फौजेतून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. नोकरीची शेवटची वर्षं दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या वर्कशॉपमध्ये गेली होती. बिघडलेले वायरलेस सेट आणि जनरेटरचे पॅनेल तिथे त्यांच्या टेबलावर येत. हवालदार म्हणून ते सुटले. म्हसवडजवळच्या गावी भाऊ होते, मेंढरं होती, पण लेक माधवी केंद्रीय विद्यालयात शिकत होती आणि शेवंता म्हणाली, "पोरीची शाळा मोडायची नाही." म्हणून तिघं दिल्लीलगत फरीदाबादला आली, तिथेही केंद्रीय विद्यालय होतं.

आमची ओळख महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत झाली. आमचे हे तिथल्याच एका केंद्र सरकारी कचेरीत होते. विरकर पहिल्या वर्षी दिव्यांच्या माळा लावायला आले आणि मग दरवर्षी येत राहिले. उंच, सावळे, कमी बोलणारे. मला वहिनी म्हणत. शेवंता त्यांच्या अगदी उलट, मनात काही म्हणून ठेवायची नाही. पुढे जे सांगते आहे त्यातलं काही मी डोळ्यांनी पाहिलं, बरंचसं शेवंताकडून ऐकलं. थोडं विरकरांनी स्वतः सांगितलं, पण ते फार उशिरा.

नव्या गावात त्यांना आधार मिळाला तो दीनानाथचा. दीनानाथ उत्तर प्रदेशातल्या बलियाकडचा, बारीक अंगाचा, सतत खोकणारा माणूस. त्यानेच आपल्या समोरची रिकामी खोली विरकरांना मिळवून दिली आणि तो कामाला होता त्या कारखान्यात त्यांना मेंटेनन्समध्ये चिकटवलं. कारखाना स्कूटरचे हँडल, सायलेन्सर, मडगार्डच्या पट्ट्या बनवायचा आणि त्यांच्यावर क्रोमचा मुलामा चढवायचा. माधवीला टायफॉइड झाला तेव्हा विरकर कामावर होते. दीनानाथची बायको गिरिजा तिला कडेवर घेऊन बाटा चौकातल्या दवाखान्यापर्यंत पळत गेली होती. छठला गिरिजा आग्रा कालव्यावर सूर्याला अर्घ्य द्यायला जाई, तेव्हा शेवंता तिच्यामागे सूप घेऊन चाले. होळीला पुरणपोळ्यांचा डबा समोर जाई. अशी ती दोन घरं होती.

कारखान्यात मुलामा चढवायच्या खात्याला सगळे प्लेटिंग शॉप म्हणत. लांबच लांब ओळीत टाक्या, त्यांत ॲसिड, निकेल, क्रोम आणि मधे मधे धुवायचं पाणी. सळ्यांवर टांगलेले हँडल माणसं हातांनी उचलून या टाकीतून त्या टाकीत बुडवत. क्रोमच्या टाकीवर पिवळसर वाफ तरंगत असे. दीनानाथच्या हातांवर त्या वाफेने भोकं पडली होती. ती खोल, गोल आणि कडांनी काळी होती. नाकाच्या आतला पडदाही फाटला होता. हिवाळ्यात त्याच्या रुमालावर रक्त दिसायचं. कारखान्याकडून रोज गुळाचा खडा मिळे, तो खाल्ला की छाती साफ राहते असा तिथे सगळ्यांचा समज होता.

विरकरांना ते बघवत नसे. मला एकदा म्हणाले होते, "वहिनी, फौजेत आम्ही जमिनीतली माइन काढायलासुद्धा आधी मशीन पाठवतो. इथं माणूस विषावर वाकतो आणि वर गूळ खातो."

नव्वदचं दशक अर्धं संपत आलं होतं. हरियाणात परदेशी कंपन्यांच्या मोटरसायकली बनायला लागल्या होत्या. त्या कंपन्यांचे लोक पांढरे हातमोजे घालून कारखान्यात आले, हँडलवर बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, मुलामा एकसारखा नाही, असला माल चालणार नाही. कारखान्याचे मालक छाबडासाहेब घाबरले. त्यांनी कर्ज काढून आपोआप चालणारी प्लेटिंग लाइन मागवली. टाक्यांच्या वरून रूळ, रुळावरून धावणारी एक गाडी. गाडीनेच सळी उचलायची, बुडवायची, ठरलेला वेळ थांबायचं, वर काढायची, निथळू द्यायची आणि पुढे न्यायची. ते सगळं सांगणार एक राखी डबा, आणि त्या डब्याला काय सांगायचं ते कॉम्प्युटरवर लिहायचं.

ते लिहायला शिकण्यासाठी मालकांनी विरकरांना दिल्लीला, ओखल्याच्या एका कंपनीत पाठवलं. रोज शटल लोकलने जात, संध्याकाळी परत येत. शेवंता सांगायची, "जेवताना ताटात बोटानं रेघा ओढतात." कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर दोन उभ्या रेघा असत आणि त्यांच्यामध्ये शिडीसारख्या आडव्या पायऱ्या. प्रत्येक पायरीवर डावीकडे अटी मांडायच्या, उजवीकडे काम. विरकरांनी मला ते कुकरवरून समजावलं होतं. "वहिनी, तीन शिट्ट्या झाल्या आणि झाकण घट्ट असलं, तरच गॅस बंद. हे तुम्ही डोक्यात करता. तेच मी लिहून ठेवतो. मग तुम्ही स्वयंपाकघरात नसलात तरी चालतं." घरी त्यांनी छतावरच्या टाकीला तसलंच काही लावलं होतं, पाणी आलं की मोटर आपली आपण सुरू, टाकी भरली की आपण बंद. गल्लीतले लोक बघायला यायचे. त्या काळात मी त्यांना जितकं खूश पाहिलं तितकं पुढे कधी पाहिलं नाही.

प्लेटिंग शॉपच्या माणसांच्या मनात मात्र पाल चुकचुकली होती. गाडीच जर सळ्या उचलणार, तर आपण काय करणार? हा प्रश्न दीनानाथने सरळ विरकरांना विचारला, आणि विरकर तो घेऊन मालकांच्या केबिनमध्ये गेले. छाबडासाहेब दिलदार बोलणारे. त्यांनी चहा मागवला.

"विरकरजी, एकही आदमी नहीं जाएगा. पॅकिंगला माणसं लागणार आहेत, लोडिंगला लागणार आहेत. काम दुगना होईल. फौजी आहात, माझ्या जुबानवर भरोसा नाही?"

विरकरांचा होता. ते थेट प्लेटिंग शॉपमध्ये आले आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर उभे राहून म्हणाले, "मालिक ने जुबान दी है. किसी की नौकरी नहीं जाएगी. ये मैं कह रहा हूँ."

दीनानाथने आपले दोन्ही हात वर केले आणि हसत म्हणाला, "चलो, हवालदार ने हमारे हाथ बचा लिए." बाकीचेही हसले. मालकाच्या शब्दावर त्यांच्यातल्या कुणाचाच विश्वास नव्हता. त्यांनी विश्वास ठेवला तो विरकरांवर.

लाइन सुरू झाली. पहिले काही आठवडे गाडी मधेच अडकायची, सळी टाकीत पडायची. विरकर कॉम्प्युटर मांडीवर घेऊन टाक्यांशेजारी स्टुलावर बसून असत आणि दीनानाथ त्यांना चहा आणून देई. मग ती अडकायची थांबली. पांढऱ्या हातमोजेवाल्यांनी माल पास केला. मालकांनी पेढे वाटले, विरकरांना सुपरवायझर केलं. सुपरवायझर म्हणजे स्टाफ. युनियनचा सभासद राहता येत नाही. त्या वेळी त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

प्लेटिंगची माणसं पॅकिंगला गेली. काही महिन्यांनी पॅकिंगचं काम ठेकेदाराकडे गेलं आणि माणसांना लोडिंगला घातलं. ॲसिडवर आयुष्य काढलेली माणसं ट्रकवर खोकी चढवू लागली. ज्याला जमेना त्याला नोटीस येई की कामात कुचराई करतो. वर्ष संपता संपता मालकांनी जाहीर केलं की ज्यांना हिशेब घेऊन जायचं आहे त्यांनी आता जावं, पुढे काही मिळेल याची खात्री नाही. युनियनने संप पुकारला.

गेटसमोर तंबू पडला. दीनानाथ पुढारी नव्हता, पण वयाने मोठा, म्हणून तंबूच्या तोंडाशी त्याची जागा. पहिल्या दिवशी कारखाना ठप्प होता. दुसऱ्या दिवशी मालकांनी विरकरांना घरी गाडी पाठवून बोलावून घेतलं.

"विरकरजी, लाइन चालवायची."

"साहेब, माणसं बाहेर आहेत."

"लाइनला माणसं कुठे लागतात? तुम्ही आहात, दोन स्टाफचे आहेत, माल अडकवायला ठेकेदाराची चार पोरं देतो. बस."

"साहेब, तुम्ही शब्द दिला होता."

छाबडासाहेबांनी हात जोडले. खरंच जोडले, असं विरकर म्हणायचे. "ऑर्डर गेली तर फॅक्टरीच जाईल. मग कुणाकुणाला ठेवू? थोडे दिवस चालवा. संप मिटला की एकेकाला परत घेतो. बिल्कुल. माझ्या मुलाची शपथ."

घरी येऊन विरकर पलंगाच्या कडेवर बसले. शेवंताने विचारलं, "जाणार?"

"मशीन बंद ठेवली तर टाक्यांतलं पाणी खराब होतं."

"मी पाण्याचं विचारलं का?"

त्यांनी पायातले बूट काढले. मग म्हणाले, "माधवीचं बारावीचं वर्ष आहे." थोड्या वेळाने, "मालक परत घेतो म्हणालेत." आणि अगदी शेवटी, "ती लाइन मी उभी केलीय शेवंता. ती बंद पडलेली मला बघवत नाही."

शेवंता मला म्हणाली होती की या तिन्हींत शेवटचं तेवढं खरं होतं.

सकाळी धुकं होतं. विरकर सायकलवरून गेटपाशी आले तेव्हा तंबूतली माणसं उठून उभी राहिली. कुणीतरी 'दलाल' म्हणून ओरडलं. एकाने सायकलचं हँडल धरलं. विरकर खाली उतरले, पण मागे वळले नाहीत. दीनानाथ शाल सावरत पुढे आला. विरकरांना वाटलं, आता हा आपल्याला अडवील. आणि त्यांनी मला सांगितलं की त्या क्षणी त्याने अडवावं असं त्यांना फार वाटत होतं. त्याने नुसता खांद्यावर हात ठेवला असता तरी ते परत फिरले असते.

दीनानाथने हँडल धरणाऱ्याचा हात काढला.

"हवालदार को जाने दो," तो म्हणाला. "ड्यूटी पे जा रहा है."

माणसांनी वाट दिली. विरकर आत गेले. राखी डब्यावरचा हिरवा दिवा लागला आणि गाडी रुळावरून निघाली. गेटबाहेर तिचा आवाज स्पष्ट ऐकू येई. उचलताना एक घरघर, बुडवताना एक फुसकारा. तंबूतली माणसं दिवसभर तो आवाज ऐकत बसली. संध्याकाळी चमचमत्या हँडलांनी भरलेला ट्रक त्यांच्यासमोरून बाहेर पडला. नंतर रोजच पडत राहिला.

संप होळीपर्यंत तग धरून होता. मग एकेक जण गुपचूप हिशेब घ्यायला लागला. युनियनच्या दिल्लीच्या लोकांनी तडजोड केली. मोजक्या माणसांना परत घेतलं, तेही ठेकेदाराच्या हाताखाली. प्लेटिंग शॉपचं त्यांत कुणी नव्हतं.

विरकर पुन्हा केबिनमध्ये गेले. या वेळी चहा आला नाही.

"साहेब, दीनानाथला तरी घ्या."

"कशावर घेऊ?"

"तुम्ही शपथ घेतली होती."

छाबडासाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आवाज चढवला नाही. "विरकरजी, मी तर समजत होतो की माणसं लागतील. तुम्हीच चालवून दाखवलंत ना, की लागत नाहीत."

विरकर बाहेर आले, पंचिंग करून लाइनवर गेले. राजीनामा दिला नाही. का नाही दिला, असं मी त्यांना कधी विचारलं नाही. शेवंताने विचारलं होतं. तेव्हा ते उठून सायकल पुसायला लागले.

गल्लीत त्यांच्याशी बोलणं बंद झालं. भांडण नाही, शिवीगाळ नाही. नळावर शेवंता गेली की बायका आपापल्या बादल्या उचलून बाजूला होत, तिला भरू देत आणि ती गेल्यावर पुन्हा रांग लावत. गिरिजा समोरच्या दारात तांदूळ निवडत बसायची; शेवंता बाहेर आली की सूप उचलून आत जायची. त्या वर्षी छठच्या प्रसादाचा ठेकुआ आला नाही. शेवंताने होळीला डबा पाठवला होता, तो उंबऱ्यावर तसाच राहिला आणि दुपारी मुंग्या लागलेला तिने परत आणला. "घर बदलू या," ती नवऱ्याला म्हणाली. विरकर म्हणाले, "नाही. इथंच राहायचं."

दीनानाथ काम शोधत हिंडला. फरीदाबादेत मुलामा देणारे छोटे छोटे कारखाने कमी नव्हते, पण गेटवर हात बघितले की लोक नको म्हणत, आणि कुठल्या कारखान्यातला ते कळलं की संपवाला म्हणून नको म्हणत. काही दिवस त्याने मंडईत हमाली केली. मग खोकला वाढला, आवाज बसला, अंगावरचं मांस उतरलं. नोकरी होती तोवर कामगार विम्याचं कार्ड होतं, औषधं मिळत; नोकरीबरोबर कार्डही गेलं. दिल्लीच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात दोन-तीन फेऱ्या झाल्या तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की फुप्फुसात गाठ आहे, बरीच वाढली आहे. वर्षानुवर्षं क्रोमवर काम करणाऱ्यांना हे होतं.

म्हणजे विष आधीच आत गेलेलं होतं. मशीन आली तेव्हाच उशीर झाला होता. विरकरांना हे कळलं तेव्हा ते आमच्याकडे सांगायला आले. आमचे हे म्हणाले, "मग यात तुमचा काय दोष? आजार तर आधीचा." विरकरांनी मान हलवली. "औषधाचं कार्ड तर होतं त्याच्याकडे," एवढंच म्हणाले.

त्यांनी समोरच्या दारावर जायला सुरुवात केली. संध्याकाळी ड्यूटीवरून आले की हातपाय धुऊन ते गल्ली ओलांडत आणि कडी वाजवत. गिरिजा दार उघडून बघायची आणि बंद करायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा. शेवंताला लाज वाटायची. सगळी गल्ली बघायची. एका रविवारी आतूनच दीनानाथचा बसलेला आवाज आला, "आने दे."

खाटेवर तो इतका लहान दिसत होता की विरकरांना आधी तो दिसलाच नाही, नुसती गोधडी दिसली. ते जमिनीवर बसले. दवाखान्यात न्यायचं, कॅन्टोन्मेंटमध्ये ओळखीचे डॉक्टर आहेत, गाडी करतो, असं काय काय बोलायचं त्यांनी ठरवलं होतं. 

दीनानाथनेच विचारलं, "गाडी ठीक चल रही है?"

"चल रही है."

"अटकती तो नहीं?"

"नहीं."

दीनानाथने डोळे मिटले. "अच्छा लिखे हो," तो म्हणाला.

ते टोचून होतं की मनापासून, हे विरकरांना शेवटपर्यंत कळलं नाही. मला त्यांनी ते दोन-तीनदा सांगितलं, प्रत्येक वेळी वेगळ्या आवाजात, जणू मी त्यातून काही ओळखेन. मी काय ओळखणार?

दीनानाथ उन्हाळ्यात गेला. लूच्या गरम झळा चालल्या होत्या. तिरडीला खांदा द्यायला विरकर पुढे झाले तेव्हा प्लेटिंग शॉपच्या एका माणसाने त्यांना कोपराने बाजूला सारलं. ते मागून चालत गेले. थोड्याच दिवसांत गिरिजा मुलांना घेऊन पानिपतला भावाकडे निघून गेली आणि समोरच्या खोलीला कुलूप लागलं.

विरकरांची नोकरी त्यानंतर फार टिकली नाही. मालकांनी दुसरी, मोठी लाइन आणली. तिचा सगळा प्रोग्रॅम परदेशातून लिहून आलेला, पासवर्ड लावून बंद. बिघडलं की टेलिफोनच्या तारेवरून तिकडचेच लोक बघणार. विरकरांनी लिहिलेला डबा काढून भंगारात टाकला. मालकांनी त्यांना घड्याळ दिलं, हार घातला.

पुढे त्यांनी स्वतंत्र कामं धरली. तेव्हा गुडगावला नुसतं बांधकाम चाललं होतं. शेतं जाऊन टॉवर उभे राहत होते, त्यांना पाण्याचे पंप, जनरेटर, फाटकं, सगळं आपोआप चालणारं हवं होतं. विरकरांच्या हातात कसब होतं, बोलावणी यायची. पण त्यांना एक खोड लागली. काम समजून घेताना ते विचारत, "हे आत्ता कोण करतं?"

सोसायटीचा सेक्रेटरी सांगे, "एक पंपवाला आहे, एक जनरेटरवाला."

"त्यांचं काय करणार?"

"म्हणजे?"

"त्यांना कुठं लावणार ते सांगा. लिहून द्या."

एकाने लिहून दिलं आणि महिन्याभरात पंपवाल्याला काढलं. विरकर भांडायला गेले तर गार्डने त्यांना फाटकातून आत सोडलं नाही. बाकीचे सेक्रेटरी हसायचे, दुसऱ्याला बोलवायचे. दुसरा काही न विचारता आठवड्यात काम करून जायचा. हळूहळू बोलावणी बंद झाली. शेवंता चिडायची. "तुम्ही नाही म्हणालात म्हणून जग थांबलं का? पंपवाला गेलाच ना? वर आपलं काम गेलं." ती चुकीचं बोलत नव्हती. मग पेन्शन आणि माधवीचा पगार, यावर घर चाललं.

माधवी इंजिनिअर झाली होती, नोएडाच्या एका कंपनीत लागली होती. तिची कंपनी मोठमोठ्या ऑफिसांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. बिल आलं की ते आपोआप वाचलं जाणार, तपासलं जाणार, योग्य साहेबाकडे सहीला जाणार, पैसे सुटणार. तिला पहिलं प्रमोशन मिळालं तेव्हा शेवंताने आम्हाला जेवायला बोलावलं होतं. माधवी खुशीत समजावून सांगत होती. अर्धं हिंदीत, कारण तिचं मराठी तोवर घरापुरतंच उरलं होतं. विरकर ऐकत होते. मी मनात म्हटलं, आता विरकरांनी विचारू नये.

"हे आधी कोण करत होतं गं?"

माधवीचा घास हातातच राहिला. "पपा, प्लीज. आज नको."

"किती माणसं होती?"

"मला माहीत नाही. माझा जॉब नाही तो बघणं."

"माझाही नव्हता."

"मग मी क्या करूं? सोडून देऊ? तुमच्यासारखी घरी बसू?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमच्या लाइनच्या पगारावरच शिकले ना मी? तेव्हा नाही सोडलीत तुम्ही."

 विरकर ताटावरून उठले नाहीत. मान खाली घालून सगळं संपवलं. त्या वर्षी माधवीने नोएडातच घर घेतलं. फोन येत राहिला, शेवंतासाठी.

एका थंडीत ते कुणाला न सांगता पानिपतला गेले. शोधत शोधत गिरिजाचं घर काढलं. परदेशातून येणाऱ्या जुन्या लोकरी कपड्यांच्या ढिगांतून रंग वेगळे करायचं काम ती करत होती; त्यांचं पुन्हा सूत निघतं, कांबळी होतात. ती अंगणात पोत्यावर बसली होती, केसांत लोकरीचे तंतू. तिने ओळखलं. पाणी दिलं.

विरकर म्हणाले, "भाभी, माफी माँगने आया हूँ."

गिरिजा स्वेटरांची बटणं तोडत राहिली. मग म्हणाली, "माफ कर देंगे तो तुमको नींद आएगी. हमको क्या आएगा?"

थोड्या वेळाने तिने रिकामा ग्लास उचलला. "अब मत आना, भइया."

हे सगळं त्यांनी मला सांगितलं ते त्यांच्या शेवटच्या आजारपणात. लकवा मारल्यामुळे उजवी बाजू गेली होती, जीभ जड झाली होती. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही नसतं लिहिलं तर दुसऱ्या कुणी लिहिलं असतं."

"लिहिण्याचं नाही वहिनी," ते अडखळत म्हणाले. "लिहिलं ते चांगलंच होतं. मी त्या सकाळी आत गेलो."

 शेवंता त्यांच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होती, तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

ते गेले तेव्हा माधवी आली, नवऱ्याबरोबर. कॅन्टोन्मेंटमधून दोन जुने साथीदार आले. मंडळाचे आम्ही काही जण होतो. गल्लीत आता बहुतेक नवे भाडेकरू होते. त्यांना हे कोण, काय, काहीच ठाऊक नव्हतं. मोटरसायकली बाजूला घेऊन त्यांनी शववाहिनीला वाट करून दिली. दुसऱ्या दिवशी माधवीने आईला नोएडाला नेलं. शेवंता जाताना मला म्हणाली, "तिकडं लिफ्टला माणूस नाही, दाराला माणूस नाही. बोलायचं कुणाशी?" मग पदर डोक्यावर घेऊन ती गाडीत बसली.